पंपाचं पान कसं आखावं

सातबारा हातात घेतलेला माणूस तो वरून खालपर्यंत वाचत बसत नाही. जमीन विकत घ्यायची असेल तर त्याची नजर आधी गट क्रमांकावर जाते, मग क्षेत्रावर, मग खातेदारांच्या नावांवर आणि तिथून थेट ‘इतर अधिकार’ या रकान्यावर. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो तिथे नोंदलेला सापडतो. उतारा नंदुरबारचा असो की सिंधुदुर्गातला, शोधायची रीत तीच. गाव नमुना ७ मध्ये हक्काची नोंद आणि गाव नमुना १२ मध्ये पिकांची, एवढं ज्याला कळलं त्याला अनोळखी गावचा उताराही दोन मिनिटांत वाचता येतो.

धंद्याच्या वेबसाइटचं टेम्पलेट नेमकं याच कामासाठी असतं. गिऱ्हाईक कुठला प्रश्न घेऊन येतं आणि त्याचं उत्तर पानावर कुठे सापडणार, हे एकदा ठरवायचं आणि त्या जातीच्या प्रत्येक पानावर पाळायचं. लघुउद्योजक वेबसाइट करून घेतात तेव्हा मात्र सुरुवात बहुधा होमपेजपासून होते. कारखान्याच्या गेटचा फोटो, संस्थापकांचा फोटो, सरकता बॅनर, स्वागताच्या चार ओळी. सगळी चर्चा त्या एका पानाभोवती फिरते आणि आतली पानं शेवटच्या आठवड्यात ज्याला जमेल तो जमेल तशी भरतो. गिऱ्हाईक मात्र उतरतं ते आतल्याच पानावर: गुगलवर शोधून, नाहीतर मेहुण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक दाबून. होमपेज त्याने पाहिलेलंही नसतं. त्यामुळे काम मालाच्या पानापासून सुरू करावं आणि होमपेज सर्वांत शेवटी आखावं, असं माझं ठाम मत आहे.

एक कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत शेतीचे सबमर्सिबल पंप बनवणारा. कारखाना कल्पनेतला आहे, अडचणी खऱ्या आहेत.

पहिलं काम कॉम्प्युटरवर करायचं नसतं. साइटवर जी जी पानं लागणार त्यांची एकेक चिठ्ठी करावी. प्रत्येक मॉडेलची एक, प्रत्येक डीलरची एक, ‘बोअरसाठी पंप कसा निवडावा’ या लेखाची एक, वॉरंटीच्या अटींची एक. मग सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावावेत. ज्या पानांवर वाचक सारखेच प्रश्न विचारतो ती एका ढिगात. पन्नास मॉडेलं असली तरी ढीग एकच, कारण प्रश्न तेच. शेवटी जेवढे ढीग उरतात तेवढी टेम्पलेटं: मालाचं पान, मालाची यादी, डीलर आणि सर्व्हिस सेंटर, माहितीचा लेख, नियम-अटी, संपर्क, होमपेज. शोधाच्या निकालाचं पान आणि ‘हे पान सापडलं नाही’ सांगणारं पान ही दोन लोक हमखास विसरतात. ढीग दहा-बाराच्या वर जायला लागले तर समजावं, की वाचकाचे प्रश्न बाजूला पडले आणि कारखान्याच्या खात्यांप्रमाणे विभागणी सुरू झाली. सेल्सवाल्यांचं पान, सर्व्हिसवाल्यांचं पान ही कारखान्याच्या आतली रचना आहे. शेतकऱ्याला तिच्याशी कर्तव्य नसतं.

आता मालाचं पान जवळून पाहू. बांधावर उभा राहून फोन बघणारा शेतकरी विचारतो: माझं बोअर सहा इंची आहे, पाणी तीनशे फुटांवर आहे, लाइट थ्री फेज आहे, हा पंप चालेल का, किती पाणी देईल, किंमत किती, मिळेल कुठे? पानाचा क्रम या बोलण्यातच दडलेला आहे. वर मॉडेलचं नाव आणि त्याखाली एका ओळीत साध्या मराठीत ओळख: ‘६ इंची बोअरसाठी, ५ एचपी, थ्री फेज.’ मग फोटो, मग किंमत आणि चौकशीचं बटण, मग पाण्याचा तक्ता, मग जवळचा डीलर. धातू कुठला, वाइंडिंग कसलं, केबल किती मीटर ही माहिती त्याखाली. कंपनीचा इतिहास या पानावर मुळीच नको.

पाण्याच्या तक्त्याशी जरा थांबायला हवं, कारण टेम्पलेट आशयातून कसं घडतं ते तिथे स्वच्छ दिसतं. पंपाचं ‘हेड’ म्हणजे तो पाणी किती उंच उचलतो ते, आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी देतो ते. ही दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. उंची वाढली की पाणी कमी होतं. त्यामुळे ‘डिस्चार्ज: अमुक लिटर’ असा एकच आकडा छापणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. टेम्पलेटमध्ये एका आकड्याची चौकट ठेवली तर भरणारा माणूस सगळ्यांत मोठा आकडा त्यात टाकणार, आणि तीनशे फुटांवरून पाणी उचलणाऱ्याची फसगत होणार. त्या जागी दोन स्तंभांचा तक्ता हवा: एवढ्या उंचीला एवढं पाणी. कॅटलॉगात हेड मीटरमध्ये असतं, शेतकरी बोलतो फुटांत. १०० मीटर म्हणजे सुमारे ३२८ फूट. हे गणित गिऱ्हाइकाकडून करून घेण्याऐवजी तक्त्यात दोन्ही मापं शेजारी-शेजारी द्यावीत. छापील कॅटलॉगातला आठ-दहा स्तंभांचा तक्ता उचलून पानावर डकवला तर मोबाइलवर तो एकतर मुंगीएवढा दिसतो, नाहीतर उजवीकडे पडद्याबाहेर पळतो. एका मॉडेलच्या पानावर त्या एका मॉडेलचाच तक्ता असावा. सगळ्या मॉडेलांची तुलना यादीच्या पानावर.

टेम्पलेट आखताना डिझायनर बहुतेक वेळा सगळ्यांत देखणं मॉडेल निवडतो. नाव आटोपशीर, फोटो स्टुडिओत काढलेला, माहिती पूर्ण. मालकाला ते पसंत पडतं. पुढे खरी माहिती भरायला घेतली की चौकटी फाटायला लागतात. एका मॉडेलचं नाव तीन ओळी व्यापतं, दुसऱ्याचा फोटोच नाही, तिसऱ्याची किंमत ठरलेली नाही. यावर उपाय एकच: सर्वांत अडचणीचं मॉडेल आधी घ्यायचं. सर्वांत लांब नाव, सर्वांत कमी माहिती, आडवा फोटो, उभा फोटो, फोटोच नाही, बंद झालेलं मॉडेल. प्रत्येक प्रसंगी पान कसं दिसेल ते टेम्पलेटमध्येच ठरवून टाकायचं. बंद झालेल्या मॉडेलचं पान काढून टाकणं ही मोठी चूक. दहा वर्षांपूर्वी तो पंप घेतलेला माणूस स्पेअर पार्टसाठी त्याच नावाने शोधत येतो. ते पान राहू द्यावं, वर ‘हे मॉडेल आता बनत नाही’ असं लिहावं आणि त्याच्या जागी चालणाऱ्या पंपाची लिंक द्यावी.

नावांच्या बाबतीतही हेच काटेकोरपण हवं. एका पानावर ‘चौकशी करा’, दुसऱ्यावर ‘कोटेशन मागवा’, तिसऱ्यावर ‘इन्क्वायरी’, आणि तिन्ही बटणं उघडतात तो फॉर्म एकच. वाचकाला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यतेच्या निकषांत याबद्दल स्वतंत्र कलमं आहेत: एकच काम करणाऱ्या घटकाची ओळख सगळीकडे सारखी असावी आणि मेनूचा क्रम पानागणिक बदलू नये. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत आणखी एक भर पडली. मदतीचा फोन नंबर किंवा संपर्काची सोय अनेक पानांवर असेल तर ती प्रत्येक पानावर इतर गोष्टींच्या तुलनेत त्याच क्रमाने यावी. हे निकष अंध, अल्पदृष्टी आणि अन्य अपंग वाचकांना धरून लिहिलेले आहेत. स्क्रीन रीडरवर पान ऐकणाऱ्याला नजर फिरवून अंदाज घेता येत नाही. मागच्या पानावर ज्या क्रमाने गोष्टी आल्या, त्याच क्रमाची तो अपेक्षा धरून असतो.

जाकोब नीलसन या डॅनिश तज्ज्ञाने १९९४ मध्ये वापरसुलभतेची जी दहा सूत्रं मांडली त्यांतही सुसंगती आहे. त्याचं दुसरं एक निरीक्षण मला जास्त उपयोगी वाटतं: लोकांचा बराचसा वेळ तुमच्या साइटवर जात नाही, इतरांच्या साइटवर जातो. म्हणून तुमची साइटही इतरांसारखीच चालावी अशी त्यांची अपेक्षा असते. लोगो वर डावीकडे, तो दाबला की होमपेज, संपर्क तळाशी. आपलं वेगळेपण दाखवायला मेनू तळाशी नेला किंवा लोगो मध्ये ठेवून मेनू लपवला, तर त्याची किंमत वाचक मोजतो. वेगळेपण मालात दाखवावं, फोटोत दाखवावं, भाषेत दाखवावं.

या विषयातलं जगभर अभ्यासलं गेलेलं उदाहरण मात्र सरकारी आहे. ब्रिटनमध्ये नागरिकांसाठी ‘डायरेक्टगव्ह’ आणि व्यावसायिकांसाठी ‘बिझनेस लिंक’ अशा दोन मोठ्या साइट होत्या, शिवाय खात्याखात्यांच्या निराळ्या. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या दोन्हींच्या जागी ‘गव्ह डॉट यूके’ ही एकच साइट आली आणि पुढे सगळी खाती आणि शेकडो सरकारी संस्था तिच्यात आल्या. दिसायला अगदी साधी. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका, एक हिरवं बटण. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. तिथलं सार्वजनिक सुट्ट्यांचं पान पाहण्यासारखं आहे. लोक त्या पानावर येतात ते पुढची सुट्टी कधी एवढं विचारायला, म्हणून ती तारीख सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरात. उरलेली यादी खाली.

ही साइट उभारणाऱ्या चमूने आपली दहा तत्त्वं जाहीर केली. त्यांपैकी एकाचा आशय असा: सुसंगत राहा, पण सगळं एकाच छापाचं करू नका. धंद्याच्या साइटवर या दोहोंची गल्लत फार होते. मालाच्या पानाची चौकट डीलरच्या पानावर जशीच्या तशी लादली की तिथे ‘वैशिष्ट्यं’ नावाचा रकाना येतो आणि कुणीतरी त्यात ‘उत्तम सेवा’ असं भरून मोकळं होतं. डीलरच्या पानावर पत्ता, फोन, दुकानाची वेळ, सुट्टीचा वार आणि तो दुरुस्ती करतो की नुसती विक्री, एवढं हवं. अक्षरं, रंग, बटणाचा आकार, हेडर-फूटर सारखे. रकाने मात्र त्या पानाच्या कामाचे. २०१८ मध्ये ब्रिटिश चमूने आपले सगळे घटक नियमांसह सर्वांसाठी खुले केले. बटण, तक्ता, फॉर्ममधला रकाना, प्रत्येकाशेजारी तो केव्हा वापरावा हे तर आहेच, केव्हा वापरू नये हेही आहे. दहा माणसांच्या कारखान्यालाही याची दोन पानी आवृत्ती लिहिता येईल.

टेम्पलेटची सोय तांत्रिक बाजूने कशी झाली, तेही थोडक्यात पाहू. सुरुवातीच्या वेबमध्ये पानाचा मजकूर आणि त्याचं रूप एकाच फाइलमध्ये गुंतलेलं असे. शीर्षकाचा रंग बदलायचा तर शंभर पानांच्या शंभर फाइली उघडाव्या लागत. १९९४ मध्ये हॉकोन व्हिउम ली याने रूपाचे नियम वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये या नियमांच्या भाषेची, म्हणजे सीएसएसची, पहिली आवृत्ती अधिकृत झाली. आता एका जागी बदल केला की सगळीकडे होतो. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट याने ‘रिस्पॉन्सिव्ह’ डिझाइनचा लेख लिहिला. मोबाइलसाठी वेगळी साइट न करता एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलेल, हा त्याचा मुद्दा आज गृहीतच धरला जातो. पानाची रुंदी बारा स्तंभांत विभागण्याची प्रथाही पक्की झाली. बारा का, तर बाराला दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो, त्यामुळे अर्धा, तिसरा, चौथा हिस्सा सहज पाडता येतो.

फोटोंबाबत एक बारकी गोष्ट आहे. टेम्पलेटमध्ये फोटोची लांबी-रुंदी आधी सांगितलेली नसेल तर मजकूर आधी येतो आणि फोटो उतरला की सगळं पान खाली सरकतं. ‘फोन करा’ दाबायला गेलेलं बोट भलत्याच बटणावर पडतं. खेड्यातल्या संथ नेटवर हे सारखं होतं. गुगल या सरकण्याचं माप काढतं, ते ०.१ च्या आत असावं आणि पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे त्याचे निकष आहेत. फोटोच्या जागेचं प्रमाण एकदा ठरवलं आणि तेवढी जागा आधीच राखून ठेवली की हा त्रास मुळातून जातो. सरकता बॅनर याच कारणासाठी मला नकोसा वाटतो. तो जड असतो, वाचून होण्याआधी पुढे जातो आणि वरची सगळ्यांत मोलाची जागा खातो.

आता आपल्याकडचा खरा अवघड भाग: मराठी. साइट इंग्रजीत आखली जाते आणि काम संपत आलं की कुणीतरी म्हणतं, मराठीही टाकू. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या चौकटीत देवनागरी बसत नाही. इंग्रजीत ओळींमधलं अंतर अक्षराच्या सव्वापट असलं तरी भागतं. मराठीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. ‘विद्युत’मधला ‘द्यु’ वरच्या ओळीत असेल आणि त्याच्या नेमका खाली ‘वर्षांची’मधला रफार आला, तर दोन्ही एकमेकांत घुसतात. मराठी मजकुराला दीडपटीहून थोडं जास्तच अंतर द्यावं. बटणाची उंची पिक्सेलमध्ये कायमची बांधू नये, नाहीतर ‘चौकशी’ची वेलांटी वरून कापली जाते.

इंग्रजी शीर्षकांत अक्षरं जरा सुटी-सुटी टाकण्याची फॅशन आहे. सीएसएसमधला तोच नियम मराठी शीर्षकाला लागू झाला की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो. मराठी पानांसाठी ते अंतर शून्य असं टेम्पलेटमध्ये लिहून ठेवावं. लिंकखालची रेघही उकारांना चिरत जाते, म्हणून ती थोडी खाली घ्यावी. तिरपी अक्षरं देवनागरीच्या परंपरेत नाहीत. फॉन्टमध्ये ती नसतील तर ब्राउझर उभीच अक्षरं ओढून वाकडी करतो. जोर द्यायचा तर ठळक अक्षर वापरावं.

अक्षरं मोजण्यातही घोळ होतो. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द वाचताना आपण सहा अक्षरं मोजतो: शे, त, क, ऱ्यां, सा, ठी. युनिकोडच्या हिशेबात तो तेरा चिन्हांचा आहे, कारण काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं. टेम्पलेटने ‘शीर्षक चाळीस अक्षरांवर कापा’ असं ठरवलं असेल तर मराठी शीर्षक इंग्रजीच्या निम्म्यावरच तुटतं, आणि ते अशा ठिकाणी तुटू शकतं की हलन्त किंवा काना गमावलेलं अक्षर शेवटी लोंबकळत राहतं. शीर्षक यंत्राकडून कापूनच घेऊ नये. दोन ओळी मावतील एवढी जागा ठेवावी आणि भरणाऱ्याने छोटं शीर्षक लिहावं. याच शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही बहुधा सारखे, यंत्राला वेगळे. एका कीबोर्डने भरलेलं पान दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही. साइटच्या शोधाने दोन्ही रूपं एकच मानावीत, ही सूचना डेव्हलपरला सुरुवातीलाच द्यायला हवी. त्याला ती आपणहून सुचणं कठीण.

पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवणं तर फुकटचं काम आहे. त्या एका नोंदीमुळे स्क्रीन रीडर योग्य उच्चाराचा आवाज निवडू शकतो आणि ज्या फॉन्टांत तशी सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला ते लगेच खुपतं. ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा खास मराठीसाठी केलेला फॉन्ट मोफत मिळतो. नोटो सॅन्स देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हेही मोफत आहेत. आणि डीटीपीच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर तसाच चिकटवू नये. छापखान्याच्या फाइलमध्ये तो मराठी दिसतो, वेबवर त्याची चिन्हांची खिचडी होते; आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

आकड्यांचं एकच धोरण ठरवावं. एका ठिकाणी किंमत मराठी अंकांत आणि शेजारी इंग्रजी अंकांत, असं नको. मराठीची सेटिंग लावली की ब्राउझरचं आकडे मांडण्याचं साधन सव्वा लाख आपोआप १,२५,००० असं देवनागरीत, आपल्या स्वल्पविरामांसह मांडतं. फोन नंबर मात्र वर मराठी अंकांत दाखवला तरी लिंकच्या आत इंग्रजी अंकांत आणि देशाच्या कोडसह असावा, नाहीतर दाबल्यावर फोन लागेलच याची खात्री नाही. मॉडेल नंबर पंपावरच्या पट्टीवर जसा कोरलेला आहे तसाच ठेवावा. लोक पट्टी पाहूनच तो टाइप करतात.

रंगांचा प्रश्न चवीचा वाटतो, पण त्यालाही माप आहे. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावा, असा सुगम्यतेचा निकष आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं लिहिलं तर तो जेमतेम १.०७ येतो. झेंड्यासारख्या केशरीवर पांढरी अक्षरं टाकली तर दोनच्या थोडा वर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळखीच्या हिरव्यावर पांढरं ‘मेसेज करा’ लिहिलं तर दोनच्याही किंचित खाली. हे बटण आज जवळपास प्रत्येक छोट्या धंद्याच्या साइटवर आहे आणि भर उन्हात शेतात उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येत नाही. अक्षरं गडद केली की प्रश्न मिटतो. लोगोचा रंग लोगोपुरता ठेवावा. मजकुरासाठी त्याचीच गडद छटा घ्यावी.

साइटवरून माल विकायचा असेल तर कायदाही टेम्पलेटमध्ये येऊन बसतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क दाखवावा लागतो. त्या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. किंमत सर्व करांसह एका आकड्यात आणि तिची फोडही. परतावा, बदली, वॉरंटी, डिलिव्हरी यांच्या अटी स्पष्ट. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवायला मनाई. सांगलीची हळद किंवा वेंगुर्ल्याचे काजू अशा पाकीटबंद मालाला वैधमापनाचे नियमही लागतात: निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता हे पानावर दिसायला हवं. एकेका पानावर हे आठवणीने लिहायचं म्हटलं तर कुठेतरी राहून जाणारच. टेम्पलेटमध्ये तो रकाना सक्तीचा केला की तो भरल्याशिवाय पान प्रसिद्धच होत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या रचनांची यादी काढली. खोटी घाई लावणं, गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत काही टाकणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं अशा गोष्टी तीत आहेत. बाजारात मिळणाऱ्या अनेक तयार टेम्पलेटांत ‘फक्त दोनच शिल्लक’ आणि उलटं चालणारं घड्याळ आधीच बसवलेलं येतं. विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी ते काढून टाकावं. शेतकरी पंप घेतो तो दहा-पंधरा वर्षांचा विचार करून, बऱ्याचदा कर्ज काढून. त्याला घाईत ढकलणं हे धंद्याच्या प्रामाणिकपणातच बसत नाही.

टेम्पलेट तयार झालं की ते जातं ऑफिसात माहिती भरणाऱ्याच्या हातात, आणि साइट टिकते की बिघडते ते तिथे ठरतं. दिवाळीच्या ऑफरची पट्टी कुठे लावायची आणि कधी काढायची, फोटो कुठल्या मापाचा, ओळख किती शब्दांची, माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा की लपवायचा, हे लिहून दिलेलं नसेल तर प्रत्येक जण आपल्या परीने मार्ग काढतो आणि वर्षभरात पन्नास पानांची पन्नास रूपं होतात. म्हणून प्रत्येक रकान्याशेजारी, भरायच्या जागीच, एका ओळीची सूचना आणि एक भरलेला नमुना द्यावा. वेगळी पुस्तिका कुणी उघडत नाही.

सर्व पानं भरण्याआधी तीन-चार मॉडेलांची पानं उभी करून ती खऱ्या माणसांना दाखवावीत. नीलसनने २००० मध्ये मांडलेला हिशेब असा, की पाच जणांबरोबर केलेल्या चाचणीत अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के उघड होतात. पाच शेतकरी किंवा डीलरकडे काम करणारे पाच वायरमन पुरेत. हातात त्यांचाच फोन, त्यावर त्यांचंच नेट. विचारायचं एवढंच: ‘सहा इंची बोअर आहे, पाणी तीनशे फुटांवर, यातला कुठला पंप घ्याल आणि तो किती पाणी देईल?’ मग गप्प बसून बघावं. बोट कुठे अडतं, कुठला शब्द पुन्हा वाचला जातो, तक्ता उलगडायला किती वेळ लागतो, कुठे कंटाळून थेट फोनच लावला जातो, ते टिपून घ्यावं. मालकाने शेजारी बसून समजावून सांगू नये. दुरुस्ती त्या एका पानात न करता टेम्पलेटमध्ये करावी, म्हणजे उरलेली शेहेचाळीस-सत्तेचाळीस पानं भरायला घेतली जातील तेव्हा ती आधीच सुधारलेली असतील.